वाचकांचे प्रश्न : सर्व्हर कधी सुरू होतो, कधी होत नाही

प्रश्न : स. न. वि. वि. नागपुरातील महाल भागातल्या एका पतसंस्थेचे संगणकाचे काम मी पाहतो. आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी घेतलेला टॉवर पद्धतीचा एक सर्व्हर आहे. त्यात वेगळे रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारे कार्ड, असून त्यावर चार डिस्कांचा रेड-५ (एक डिस्क गेली तरी मजकूर राखणारी मांडणी) केलेला आहे. लिनक्स आणि संस्थेचे सर्व हिशेब त्यावरच आहेत. गेल्या हिवाळ्यापासून हा सर्व्हर सकाळी सुरू करताना चार-पाच वेळांतून एकदा अडतो. कधी पडद्यावर कार्डाचे नाव येऊन गाडी तिथेच थांबते, तर कधी बूट करण्यासाठी डिस्कच नाही असा संदेश येतो. बटण दाबून बंद केला आणि पुन्हा सुरू केला की बहुतेक वेळा चालतो, मग दिवसभर काहीही कुरकुर करत नाही. पुरवठादाराने आधी दोन डिस्क बदलून दिल्या, नंतर लिनक्स नव्याने टाकून दिले. फरक पडला नाही. आता ते मदरबोर्ड बदला असे सांगतात. लिनक्सचे लॉग (घटनांच्या नोंदी) मी चाळले, त्यांत संशयास्पद असे काहीच आढळले नाही. नेमके काय बिघडले आहे हे कसे ओळखावे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : हे उत्तर आपल्या हाती पडेल त्या वेळी सर्व्हर सुरू असेल, तर तो आज संध्याकाळी नेहमीप्रमाणे बंद करू नका. जो सर्व्हर चार-पाच वेळांतून एकदा अडतो, तो एखाद्या दिवशी कितीही वेळा बटण दाबले तरी सुरू होणार नाही, आणि असा दिवस नेमका मार्चअखेरीलाच उगवतो. म्हणून आधी संस्थेचा संपूर्ण डेटाबेस, खातेदारांची छायाचित्रे व स्वाक्षऱ्या आणि सर्व्हरच्या मांडणीच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून फायली खरोखर उघडतात याची खात्री करा, आणि मगच पुढील कामाला हात घाला. रेड-५ आहे म्हणून बॅकअपची घाई नाही, असे समजणारी मंडळी पुष्कळ कार्यालयांत भेटतात. १९८८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा सारा हिशेब डिस्क बिघडण्याभोवती फिरत होता. आपल्या सर्व्हरमध्ये डिस्क चार आहेत, परंतु त्या चौघींच्या पुढे उभे असलेले कार्ड एकच आहे. ते अडले की चारही डिस्क ठणठणीत असून काही उपयोग होत नाही.

आता मूळ बिघाडाकडे वळू. आपल्या पत्रातच निम्मे उत्तर दडलेले आहे. चार डिस्कांच्या रेड-५ मध्ये एक डिस्क वेळेवर जागी झाली नाही, तरी सर्व्हर सुरू होतो; फक्त ॲरे, म्हणजे डिस्कांचा संच, 'डीग्रेडेड' (दुबळा) दाखवला जातो आणि ती डिस्क परत आल्यावर तिची फेरबांधणी, म्हणजे रीबिल्ड, करावी लागते. बूट करण्यासाठी डिस्कच नाही असे सर्व्हर म्हणतो, त्या अर्थी किमान दोन डिस्क एकाच वेळी दिसेनाशा झाल्या असल्या पाहिजेत. त्यातही दोनच गायब होऊन दोन शिल्लक राहिल्या असत्या, तर पुढच्या वेळी कार्डाने परत आलेल्या डिस्कांना 'फॉरेन', म्हणजे परक्या, ठरवून आपल्याला काहीतरी विचारले असते. आपण ना रीबिल्डचा उल्लेख केला आहे, ना अशा प्रश्नाचा. दुसऱ्या प्रयत्नात सर्व काही सुरळीत चालते, म्हणजे चारही डिस्क बहुधा एकदमच नाहीशा होतात आणि एकदमच परत येतात. चार डिस्क एकाच सकाळी मिळून बिघडतील आणि पाच मिनिटांत मिळून बऱ्या होतील, हे संभवत नाही. चौघींना जे सामाईक आहे तेच इथे दोषी असले पाहिजे, आणि सामाईक गोष्टी मोजक्याच आहेत : कार्ड, कार्डापासून निघालेली केबल, डिस्क ज्यात बसतात तो बॅकप्लेन, आणि त्यांना मिळणारी वीज. हे सर्व सोडून डिस्क आणि लिनक्स बदलणे, हा दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला देण्याचा प्रकार झाला.

लिनक्सच्या लॉगमध्ये काही सापडले नाही, याचे नवल वाटू देऊ नका. ज्या सकाळी सर्व्हर अडतो त्या सकाळी लिनक्स जागेच होत नाही, आणि झाले तरी लॉग लिहायला त्याच्यापुढे डिस्क नसते. त्यामुळे त्या लॉगमध्ये फक्त चांगल्या दिवसांच्याच नोंदी राहतात. बिघाडाची नोंद इतरत्र शोधावी लागते. बहुतेक रेड कार्डांना स्वतःची स्मृती असते आणि घडलेल्या घटना ते तिच्यात टिपून ठेवते. मेगारेड जातीच्या कार्डासाठी 'स्टोरसीएलआय', डेलच्या पर्क कार्डासाठी 'पर्कसीएलआय' आणि एचपीच्या स्मार्ट ॲरेसाठी 'एसएसएसीएलआय' ही साधने वापरून या नोंदी, सर्व्हर चांगला चाललेला असताना, बाहेर काढता येतात. त्या वाचताना एक अडचण येते : सर्व्हर सुरू होऊन कार्डाला खरी वेळ कळेपर्यंत मेगारेड कार्डे तारखेऐवजी 'सुरू झाल्यापासून इतके सेकंद' अशी नोंद करतात, त्यामुळे कोणती नोंद कोणत्या सकाळची हे जुळवून पाहावे लागते. मदरबोर्डावर आयपीएमआय, आयड्रॅक किंवा आयएलओ अशी स्वतंत्र देखरेख यंत्रणा असेल, तर तिची घटनासूचीही पाहा. वीजपुरवठ्यातील चढउतार आणि कार्ड बसते त्या स्लॉटमधील चुका तिथे उतरलेल्या असतात. आणि सर्वांत स्वस्त उपाय असा, की रोज सकाळी सर्व्हर सुरू करताना पडद्यासमोर मोबाइल धरून चित्रीकरण करावे. अडण्याच्या क्षणी पडद्यावर असलेली शेवटची ओळ कोणालाही नीट आठवत नाही, आणि निदान तर त्याच ओळीवर अवलंबून असते.

ती ओळ कशी वाचावी ते थोडक्यात सांगतो. कार्डाचे नाव येऊन 'फर्मवेअर इनिशियलायझिंग डिव्हायसेस' अशा अर्थाच्या संदेशावर गाडी थांबली, तर कार्ड स्वतःच उभे राहताना अडखळत आहे, किंवा उत्तर न देणाऱ्या एखाद्या डिस्कची वाट पाहत बसले आहे. कार्डाची पाळी आटोपली, 'शून्य व्हर्च्युअल ड्राइव्ह' (म्हणजे एकही ॲरे सापडला नाही) असे दिसले आणि नंतर बूट डिस्क नसल्याची तक्रार आली, तर कार्ड चालते पण डिस्कांपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा केबल, बॅकप्लेन आणि वीज यांच्यावर संशय घ्यावा. लिनक्सचा कर्नल (गाभा) सुरू होऊन अमुक यूयूआयडीची (ओळखक्रमांकाची) डिस्क सापडत नाही म्हणून साधी शेल (आज्ञा टाइप करण्याचा पडदा) उघडली, तर ड्रायव्हर किंवा विलंबाचा प्रश्न असू शकतो. मात्र ड्रायव्हरच नसेल तर सर्व्हर दर वेळी अडेल, पाचांतून एकदा नव्हे. विंडोज सर्व्हरवर याच अवस्थेत निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा मजकूर येतो. आपल्याकडे पहिले दोन्ही प्रकार आलटून पालटून होतात, हे मला महत्त्वाचे वाटते. केवळ वीज किंवा केबल एवढाच दोष असता तर कार्ड सहसा आपल्या पायावर उभे राहिले असते. म्हणून संशयितांत मी कार्डाला पहिला क्रमांक देईन.

बिघाड हिवाळ्यात सुरू झाला, हा दुसरा धागा. नागपुरात थंडीच्या लाटेत पहाटेचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते आणि रात्रभर बंद असलेला सर्व्हर सकाळी चांगलाच गार असतो. थंडीत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि आधीच जुन्या झालेल्या कपॅसिटरला विजेचा पहिला झटका सांभाळणे जमेनासे होते. चिपखालच्या सोल्डरच्या जोडांत सूक्ष्म तडा असेल तर तो गारठ्यात उघडतो आणि ऊब मिळाली की पुन्हा टेकतो. पहिला प्रयत्न फसतो, तेवढ्या काही मिनिटांत पेटी थोडी तापते, आणि दुसरा प्रयत्न साधतो, असे आपल्याकडे घडत असावे. हे पडताळण्याची सोपी रीत आहे. आठवडाभर सकाळी सर्व्हर सुरू करताच बायोसच्या (सर्व्हरच्या मूळ सेटिंगच्या) पानावर नेऊन पंधरा-वीस मिनिटे तसाच ठेवा, आणि मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून बूट होऊ द्या. त्या आठवड्यात तो एकदाही अडला नाही, तर तापमानाचा संशय बळावतो.

याच चाचणीत आणखी एक फरक नोंदवून ठेवा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने रीस्टार्ट केल्यास डिस्क फिरतच राहतात. बटणाने बंद केल्यास त्या थांबतात आणि पुन्हा शून्यापासून वेग घेतात. अडलेला सर्व्हर नुसत्या रीस्टार्टने सुटत असेल, तर डिस्कांना वेग घ्यायला वेळ कमी पडतो किंवा त्या घडीला वीज अपुरी पडते, असे समजावे. पूर्ण बंद केल्याशिवाय सुटतच नसेल, तर कार्डाचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम, गोठून बसते.

विजेचा हिशेब थोडा उलगडून सांगतो, कारण याकडे सहसा कोणी पाहत नाही. साडेतीन इंची डिस्क वेग घेताना १२ व्होल्टच्या तारेवर साधारण २ अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या की ८ अँपिअर, म्हणजे शंभर वॅटच्या आसपास भार काही सेकंद पडतो. नंतर तो बराच खाली येतो. पॉवर सप्लाय नवा असताना ही गोष्ट जाणवतही नाही. पण कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते असा इलेक्ट्रॉनिक्समधला आडाखा आहे, आणि नागपूरचे सहा उन्हाळे काढलेल्या पॉवर सप्लायकडून नव्याची अपेक्षा ठेवता येत नाही. दिवसभर तो व्यवस्थित चालतो म्हणून त्याला निर्दोष मानू नये, कारण दिवसभर त्याच्यावर तो भार नसतोच. कार्डाच्या सेटिंगमध्ये डिस्क एकामागून एक सुरू करण्याची, म्हणजे 'स्टॅगर्ड स्पिन-अप'ची सोय असेल तर ती लावून पाहा. तेवढ्यानेच बिघाड थांबला, तर पॉवर सप्लाय बदला आणि कार्डाला तूर्त हात लावू नका.

यानंतर पेटी उघडण्याची पाळी येते. सर्व्हर बंद करून विजेची वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा. दिवे विझलेले असले तरी वायर लावलेली असेपर्यंत मदरबोर्डावर स्टँडबाय वीज खेळत असते. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून मनगटपट्टा घाला, तो नसेल तर कामभर मधूनमधून पेटीच्या रंग नसलेल्या धातूला हात लावत राहा. काही काढण्यापूर्वी कोणती केबल कुठे आहे याचे छायाचित्र घ्या आणि डिस्कांवर १ ते ४ असे क्रमांक चिकटवा.

कार्डापासून डिस्कांकडे जाणाऱ्या मिनी-सॅस केबलपासून सुरुवात करा. एसएफएफ-८०८७ प्रकारच्या या केबलच्या टोकाला धातूची चपटी खिटी असते आणि केबल पूर्ण बसली की ती 'टक' करून अडकते. अर्धवट बसलेली केबल बाहेरून बसल्यासारखीच दिसते. चारही डिस्कांचा संदेश या एकाच केबलमधून जातो, म्हणून ती हलकी ओढून पाहा, पेटीच्या झाकणामुळे ती काटकोनात दुमडली गेली आहे का तेही पाहा. कार्डावर दुसरे पोर्ट असेल तर केबल तिकडे लावून काही दिवस चालवता येते. ॲरेची मांडणी डिस्कांवरही लिहिलेली असल्याने मेगारेडसारखी कार्डे पोर्ट बदलले तरी ॲरे ओळखतात.

मग कार्डाचा स्क्रू काढून ते सरळ वर उचला. खालच्या कडेवरील सोनेरी पट्ट्या उजेडात तिरक्या धरल्या की काळपट रेघ, धुळीचा थर किंवा जुन्या बोटाचा तेलकट ठसा दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने त्या पुसाव्यात. खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. ती करू नये, कारण सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो तो वेगळाच. कार्डावरच्या मोठ्या चिपवर ॲल्युमिनियमची जाळी, म्हणजे हीटसिंक, बहुधा प्लास्टिकच्या दोन खुंट्या आणि स्प्रिंग यांनी धरलेली असते. उष्णतेने या खुंट्या ठिसूळ होतात. हीटसिंक बोटाने अलगद हलवून पाहा. ती सैल लागली किंवा एक खुंटी तुटलेली आढळली, तर थर्मल पेस्ट नव्याने लावून ती पक्की बसवल्याशिवाय दुसरे काही करू नका.

कार्ड परत बसवताना शक्य असल्यास दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. पुरवठादार सांगतात तो मदरबोर्डाचा खर्च करावा की नाही, हे या एका बदलातून बऱ्याच अंशी कळेल : बिघाड कार्डाबरोबर नव्या स्लॉटमध्ये आला तर दोष बहुधा कार्डात, आणि तो पूर्ण थांबला तर जुन्या स्लॉटमध्ये किंवा तिथल्या संपर्कात. लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' या आज्ञेने कार्डाला प्रत्यक्ष किती लेन (मजकूर वाहणाऱ्या वाटा) मिळाल्या तेही दिसते. आठ लेनचे कार्ड आठ लेनच्या स्लॉटमध्ये असूनही एखाद्या दिवशी चार किंवा एकच लेन दाखवत असेल, तर संपर्क नीट होत नाही याचा तो पुरावा समजावा.

कॅशची, म्हणजे कार्डावरील तात्पुरत्या स्मृतीची, बॅटरी हा एक वेगळा मुद्दा आहे, त्याचा गोंधळ बिघाडाशी करू नका. लिथियम-आयन बॅटरी मंदावली की कार्ड 'राइट-बॅक' (आधी कॅशमध्ये ठेवून मग डिस्कवर लिहिणे) सोडून 'राइट-थ्रू'वर (थेट डिस्कवर लिहिणे) जाते आणि सर्व्हर हळू होतो, पण अडत नाही. मात्र बॅटरी संपल्यामुळे कॅशमधील न लिहिलेला मजकूर गमावला गेला असेल, तर कार्ड पडद्यावर तसा संदेश देऊन कोणतीही कळ दाबण्याची वाट पाहते. आणि ज्या सर्व्हरला पडदाच जोडलेला नाही तो 'सुरूच होत नाही' असा बोभाटा होतो. आपण पडद्यावर काय आले ते सांगितले आहे, त्यामुळे आपल्याकडे तसे नसावे.

एका वेळी एकच बदल करा आणि त्याची तारखेसह वहीत नोंद ठेवा. केबल, स्लॉट आणि पॉवर सप्लाय तिन्ही एकाच रविवारी बदलले आणि बिघाड थांबला, तर काय बिघडले होते ते कधीच कळणार नाही. बदलानंतर सर्व्हर एकदा सुरू झाला म्हणून समाधान मानू नका, कारण तो काहीही न करतासुद्धा पाचांतून चार वेळा सुरू होतोच. गणित करून पाहा : काहीही दुरुस्त झालेले नसताना तो सलग दहा वेळा सुरू होण्याची शक्यताही सुमारे ११ टक्के राहते, आणि ती ५ टक्क्यांच्या खाली यायला सलग चौदा यशस्वी प्रयत्न लागतात. आपला बिघाड थंड असतानाच होतो, म्हणून हे चौदाही प्रयत्न सकाळच्या थंड सर्व्हरवरचे हवेत. एकाच दुपारी चौदा वेळा रीस्टार्ट करून काही सिद्ध होणार नाही. पुरवठादाराला बिल चुकते करण्यापूर्वी एवढी मुदत मागून घ्यावी.

शेवटी कार्डच बदलावे लागले, तर त्याच कंपनीचे आणि त्याच पिढीचे किंवा त्यापुढच्या सुसंगत पिढीचे घ्या. नवे कार्ड डिस्कांवरची मांडणी पाहून ती परकी असल्याचे सांगेल आणि आयात करायची का असे विचारेल. तिथे 'इम्पोर्ट' निवडायचे असते. 'क्लिअर' केल्यास ॲरेची मांडणी पुसली जाते, आणि 'इनिशियलाइझ' केल्यास मजकूरच जातो. या पडद्यावर घाई नडते. शक्य तर त्या वेळी शेजारी दुसरी व्यक्ती बसवा आणि प्रत्येक संदेश मोठ्याने वाचून मगच कळ दाबा.

प्रश्न : धरमपेठेत आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. आमचा सर्व्हर चोवीस तास चालू असतो. वरील समस्येसारखाच त्रास आम्हाला होतो, पण तो उन्हाळ्यात, आणि तोही दुपारी लाइन गेल्यावर यूपीएस संपून सर्व्हर बंद पडला तरच. लगेच सुरू केला तर कार्डापाशी अडतो, अर्धा तास थांबलो तर सुरू होतो. खोलीत डेझर्ट कूलर आहे. एका डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींत) १९९ क्रमांकाचा आकडा वाढत आहे. डिस्क बदलावी का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : डिस्क अजून बदलू नका. स्मार्ट अहवालातील ५ आणि १९७ हे क्रमांक डिस्कच्या पृष्ठभागाविषयी बोलतात. १९९ हा क्रमांक डिस्क आणि कंट्रोलर यांच्यातील वाटेवर मजकुराची मोडतोड किती वेळा झाली ते सांगतो. ५ आणि १९७ शून्यावर असून फक्त १९९ वाढत असेल, तर ती डिस्क दुसऱ्या कप्प्यात बसवा. आकडा नव्या कप्प्यातही वाढू लागला तर डिस्कचे स्वतःचे टोक खराब आहे. थांबला तर जुन्या कप्प्याचा कनेक्टर किंवा केबल. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा आणि त्यापुढे पाहा.

अडण्याचे कारण मात्र मला उष्णता वाटते. रेड कार्डांच्या हीटसिंकवर बहुधा पंखा नसतो. सर्व्हरच्या पेटीतून जोराने वाहणाऱ्या हवेवर ती विसंबून असते. साध्या किंवा असेंबल केलेल्या पेटीत तशी हवा कार्डापर्यंत पोहोचत नाही. सर्व्हर चालू असताना 'स्टोरसीएलआय'सारख्या साधनाने कार्डाच्या मुख्य चिपचे तापमान वाचता येते. मे महिन्यात भर दुपारी आणि मध्यरात्री असे दोन आकडे घ्या आणि कार्डाच्या माहितीपत्रकातील मर्यादेशी ताडून पाहा. वीज गेली की पंखे थांबतात, तापलेल्या पेटीतली हवा कोंडते आणि कार्ड थंड होण्याऐवजी काही काळ तसेच गरम राहते. त्या अवस्थेत पुन्हा सुरू करणे म्हणजे त्याची कसोटी पाहणेच होय. कार्डाकडे तोंड करून एक लहान पंखा बसवला तर पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

डेझर्ट कूलरविषयी स्पष्टच लिहितो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार हवा माणसांना कितीही सुखाची वाटली, तरी सर्व्हरच्या खोलीत ती नको. ती ओलसर असते, कनेक्टरच्या धातूवर गंज चढायला मदत करते, आणि धूळ त्या ओलाव्यात चिकटून बसते. १९९ चा आकडा वाढण्यामागेही हेच असू शकते. शिवाय बाहेर ४५ अंश असताना कूलरने खोली किती उतरेल याला मर्यादा आहे. वातानुकूलन अभियंत्यांच्या ॲशरे या अमेरिकी संस्थेने सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश ही मर्यादा सुचवली आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यात ती साधायची तर एसीला पर्याय नाही. रुग्णांच्या प्रतीक्षागृहातला एसी आत हलवून कूलर बाहेर ठेवण्याची सूचना आपल्या डॉक्टरसाहेबांना आवडणार नाही, पण मी ती करून ठेवतो.

आणखी एक सेटिंग पाहा. वीज परत आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू व्हावा अशी व्यवस्था बायोसमध्ये असेल, तर त्यात काही मिनिटांचा विलंब लावता येतो का ते तपासा. डिस्कांची पेटी सर्व्हरबाहेर वेगळी असेल तर हा विलंब आवश्यकच असतो. आधी डिस्कांची पेटी जागी झाली पाहिजे, मग सर्व्हर. मॉन्सूनपूर्व वादळांत वीज येते, जाते, पुन्हा येते. त्या दोन-तीन हिसक्यांत डिस्कांना उठबशा काढायला लावण्यापेक्षा दहा मिनिटे उशीर पत्करलेला बरा.

प्रश्न : कार्डाचे फर्मवेअर अद्ययावत केल्याने असा बिघाड जातो का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : कधीकधी जातो. सुरू होताना कार्ड गोठण्याचे काही दोष कंपन्यांनी फर्मवेअरमध्येच दुरुस्त केलेले असतात, म्हणून नव्या आवृत्तीबरोबरची टिपणे वाचावीत आणि आपल्या लक्षणाशी जुळणारा उल्लेख असेल तरच ती घालावी. पण जो सर्व्हर पाच वर्षे त्याच फर्मवेअरवर बिनतक्रार चालला आणि आताच अडू लागला, त्याचे फर्मवेअर एका रात्रीत बिघडलेले नाही. तिथे आधी हार्डवेअर पाहावे. आजारी कार्डावर फर्मवेअर लिहिताना ते मध्येच गोठले तर कार्ड कायमचे निकामी होऊ शकते. बॅकअप आणि भरवशाचा यूपीएस नसताना हे काम करू नये.

प्रश्न : बुटीबोरीतील आमच्या लहान कारखान्यासाठी नवा सर्व्हर घ्यायचा आहे. कार्डाचीच एवढी कटकट असेल, तर कार्ड न घेता लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड वापरावा का? सीताबर्डीत वापरलेली रेड कार्डे स्वस्तात मिळतात, ती घ्यावीत का?
— एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : दोन किंवा चार डिस्कांच्या लहान सर्व्हरसाठी लिनक्सचा 'एमडी' हा सॉफ्टवेअर रेड मला पुरेसा वाटतो. त्याचा मोठा फायदा असा, की मदरबोर्ड जळला तरी डिस्क काढून लिनक्स असलेल्या दुसऱ्या कोणत्याही संगणकाला लावता येतात आणि ॲरे उभा राहतो. त्याच जातीचे कार्ड शोधत बाजार पालथा घालावा लागत नाही. उणीव अशी, की बॅटरीने राखलेली कॅश मिळत नाही, त्यामुळे सतत लहान-लहान नोंदी लिहिणाऱ्या डेटाबेसला वेगात फरक जाणवेल. तिथे साध्या डिस्कांऐवजी वीज गेल्यावर मजकूर राखण्याची सोय असलेल्या एसएसडी घेतल्यास ती उणीव बरीच भरून निघते. बूट होण्यासाठी लागणारा भाग दोन्ही डिस्कांवर ठेवायला विसरू नका. रेड-१ केला, पण बूटलोडर एकाच डिस्कवर टाकला, आणि नेमकी तीच डिस्क गेली, असे प्रकार वारंवार घडतात. सर्व्हर ताब्यात घेण्यापूर्वी पुरवठादारासमोर पहिली डिस्क काढून बूट करून पाहा, ती परत बसवून फेरबांधणी पूर्ण होऊ द्या, मग दुसरी काढून पाहा.

साध्या डेस्कटॉपच्या डिस्क रेड कार्डामागे लावणे टाळा. खराब सेक्टर वाचण्यासाठी त्या मिनिटभरसुद्धा झगडत बसतात, तोवर कार्डाचा धीर सुटतो आणि ते चांगल्या डिस्कला बाहेर काढते. मग दुकानदार तपासून डिस्क निर्दोष असल्याचे सांगतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. नॅस (नेटवर्कवरील साठवण पेटी) किंवा सर्व्हरसाठीच्या डिस्कांत हा वेळ साधारण ७ सेकंदांवर बांधलेला असतो.

वापरलेल्या कार्डांबद्दल म्हणाल, तर चालू कार्ड बिघडल्यास बदली म्हणून जवळ ठेवायला ती घ्यायला हरकत नाही. मोठ्या सर्व्हरमधून निघालेली कार्डे दणकट असतात. परंतु नामांकित कार्डांच्या बनावट प्रतीही बाजारात फिरतात. म्हणून कार्ड आपल्याच सर्व्हरमध्ये लावून, चिपचे तापमान आणि मिळालेल्या लेन पाहून, काही दिवस थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत सुरू करून मगच ठेवून घ्यावे, आणि परत करण्याची मुदत पावतीवर लिहून घ्यावी. बॅटरी मात्र वापरलेली घेऊ नये.